व्रणाचं वय

१

दुपारी घरी आलो की पहिलं काम पट्टी धुण्याचं.

माझ्या उजव्या खांद्यावरून पाठीवर उतरणारा एक व्रण आहे, चांगला वीतभर लांब. गाडीच्या अपघातातला. त्यावर सिलिकॉनची एक पारदर्शक, मऊ, चिकट पट्टी लावून ठेवावी लागते. तिच्याखाली व्रण दबतो, मऊ होतो, फिका पडतो. दुपारी ती काढायची, कोमट पाण्यात साबणाने धुवायची, कापडाने न पुसता बाथरूमच्या टाइलवर चिकटवून वाळू द्यायची आणि तोवर पाठ उघडी टाकून पलंगावर पालथं पडायचं. वाळली की पुन्हा लावायची. ही शेवटची पायरी एकट्या माणसाला अवघड, कारण हात तिथवर पोचत नाही. म्हणून मी पट्टी चिकट बाजू वर करून गादीवर ठेवतो आणि अंदाजाने तिच्यावर पाठ टेकतो. पहिल्या आठवड्यात ती एकदा कमरेवर बसली आणि एकदा उशीच्या अभ्र्यावर.

आधी हे सगळं ठकू करायची. ठकू म्हणजे माझी मुलगी. आधी मलम घेऊन व्रणाला मालिश, मग पट्टी. अपघात झाला तेव्हा तीही गाडीत होती, मागच्या सीटवर. तिला साधा ओरखडाही आला नाही. तिची आई पुढे माझ्या शेजारी होती. ती घरी आली नाही.

वर्षभर ठकूने माझी पाठ सांभाळली. मग तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली. जाताना म्हणाली, "बाबा, मालिशला कुणीतरी बाई लावा." मी म्हटलं, "लावतो." लावली नाही. परक्या माणसासमोर शर्ट काढून पालथं पडायचं माझ्या जिवावर येतं. शिवाय व्रण तोवर पांढरा पडला होता. हात वर करताना खांद्याला ओढ बसायची, तेवढीच काय ती तक्रार.

माझा धंदाही भेगांचाच. जुन्या इमारती, पूल, पाण्याच्या टाक्या यांच्या भेगा तपासायच्या आणि त्या थांबल्यात की अजून चालू आहेत ते मालकाला सांगायचं. थांबलेली भेग मला बघताक्षणी कळते. माझा व्रण थांबलेला होता.

२

दवाखान्यातल्या सिस्टर बोलक्या आहेत. पाठीवर बोटं ठेवली की त्यांच्या तोंडाला आपोआप सुरुवात होते.

"मालिश कोण करतं हो तुम्हाला?"

आता खरं सांगितलं तर बोलणी बसणार. "मुलगी," मी म्हटलं.

"हात चांगला आहे पोरीचा. नाहीतर घरची माणसं नुसतं वरवर चोळतात, पोळपाट पुसल्यासारखं. हिने कातडी खालून सोडवलीय. हे बघा, सरकतेय कशी." त्यांनी सरकवून दाखवली. मला दिसणार कशी? पण जाणवली. गेल्या खेपेला तिथली कातडी हाडाला शिवून टाकल्यासारखी घट्ट होती.

"आपोआप सुटली असेल," मी म्हटलं.

"आपोआप! आपोआप धूळ बसते फक्त." त्या हसल्या. मग बोटं थांबली. "डावखुरी आहे का हो?"

"का?"

"सगळा ओढा उलट्या बाजूचा आहे. पलंगाशी बसून उजव्या हाताचा माणूस असा नाही फिरवणार. असू दे, चांगलंच चाललंय. तिला म्हणावं, पद्धत बदलू नकोस."

ठकू उजव्या हाताची. आणि तिला जाऊन दोन महिने झाले होते.

बाहेर येऊन मी गाडीत बसलो आणि बराच वेळ किल्ली फिरवली नाही. सिस्टर एका दिवसात असंख्य पाठी बघतात. कुणाची तरी पाठ माझ्या पाठीत मिसळली असेल. हे स्पष्टीकरण पुरेसं होतं. घरी जाईपर्यंत पुरलंही.

ठकूची आई डावखुरी होती. लग्नानंतर पहिलं वर्षभर जेवताना आमची कोपरं एकमेकांना लागायची. मग ती माझ्या डाव्या बाजूला बसायला लागली आणि तो प्रश्न कायमचा मिटला.

३

मलमाची बरणी कपाटात वरच्या फळीवर होती. ठकू गेल्यापासून मी तिला हात लावला नव्हता, म्हणजे मलमावर एक सुकी साय धरलेली असायला हवी होती. झाकण काढलं. साय नव्हती. तीन बोटांनी उचलल्यावर पडतो तसा ताजा खळगा होता, आणि बरणी अर्ध्यावर आली होती.

मी तपासणीचा माणूस. आधी शक्यता मांडतो, मग एकेक खोडतो. ठकूने जातानाच संपवली असेल. पण जायच्या आदल्या दिवशी नवी बरणी मीच आणली होती. घराची दुसरी किल्ली कुणाकडे असेल. किल्ली ठकूकडे, आणि ठकू रोज रात्री तिच्या खोलीतून मला फोन करते. मी स्वतःच झोपेत उठत असेन. उठत असेन, मान्य. पण जिथे माझा हात जागेपणी पोचत नाही तिथे झोपेत कसा पोचेल?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नेहमीसारखा पालथा पडलो. फक्त डोळे उघडे ठेवले. समोर भिंत होती, भिंतीवर खिडकीच्या गजांची सावली. पंख्याचं एक पातं प्रत्येक फेरीला कुरकुरायचं. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी रेडिओ लावला, दोन स्टेशनं बदलली आणि बंद केला. नळ गळत होता. सगळं जागच्या जागी होतं.

मग गादीची डावी कड खाली दबली.

कुणी हलकेच बसावं तशी. माझं अंग त्या उताराकडे अगदी थोडं कललं. आणि व्रणाच्या वरच्या टोकावर तीन बोटं टेकली.

बोटं कातडीवरून घसरत नव्हती. कातडीला धरून, तिला खालच्या थरावरून सरकवत होती, सावकाश, गोल. मालिश करायची पद्धत हीच. सिस्टरांनी ठकूला शिकवली होती. बोटं थंड असती तर मी ओरडलो असतो. उबदार असती तर कदाचित रडलो असतो. ती दोन्ही नव्हती. ती बरोबर माझ्या अंगाएवढी होती, त्यामुळे कातडी कुठे संपते आणि बोट कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं.

मी मान वळवली नाही. वळवली असती तर प्रश्न सुटला असता, आणि मला तो सुटायला नको होता.

"तू आहेस का?" मी भिंतीला विचारलं.

बोटं थांबली नाहीत. जरा जोर वाढला, एवढंच.

४

त्यानंतर मी कामावरून लवकर निघायला लागलो. माझ्याबरोबर काम करणाऱ्या इंजिनिअरला आम्ही ओळंबा म्हणतो. उंच, किडकिडा आणि सरळ, दोरीला लटकवल्यासारखा. तो म्हणाला, "काय हो, घरी कुणी वाट बघतंय वाटतं?" मी म्हटलं, "पट्टी वाळत घातलीय." तो हसला. माझ्या पट्टीवरून तो रोज काही ना काही बोलतो.

पुढच्या खेपेला दवाखान्यात सिस्टर कॉम्प्युटरशी झटापट करत होत्या. प्रत्येक भेटीत ते पाठीचा फोटो काढतात. तोच दिवा, तीच निळी भिंत, तेवढंच अंतर, शेजारी मापाची पट्टी. म्हणजे फरक दिसेल तो फक्त व्रणाचा.

"मेल्याने फोटो उलटे लावलेत," त्या म्हणाल्या. "जुना शेवटी आणि नवा आधी. बघा ना, या गेल्या तीन खेपांच्या फोटोंत पहिल्यात पांढरा, मग गुलाबी, आणि हा शेवटचा लालभडक. असा तर तुमचा अपघातानंतर होता."

"तारखा?"

"तारखा बरोबर दाखवतोय गाढव."

डॉक्टरबाई मागून येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पडदा बघितला. मग मला म्हणाल्या, "शर्ट काढा." मग पुन्हा पडदा, पुन्हा पाठ.

"सिस्टर, फोटो बरोबर लागलेत," त्या शांतपणे म्हणाल्या.

व्रणाचं एक वय असतं, त्यांनी मला समजावलं. आधी लाल, ताठ, खाजरा. मग महिन्यामहिन्याने गुलाबी, आणि दीड-दोन वर्षांत पांढरा, सपाट, निवांत. पट्टी, मालिश, इंजेक्शन, लेझर हे सगळं त्याला लवकर म्हातारं करण्यासाठी असतं. "तुमचा तरुण होतोय," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्याच शब्दावर त्यांनी कपाळाला आठी घातली. "कधीकधी व्रण उसळतो. आपण आधी त्यात इंजेक्शन देऊन बघू. दुखेल. नाहीच बसला तर अख्खा कापून काढायचा आणि नव्याने शिवायचा. सरळ नाही, नागमोडी, म्हणजे ओढ बसत नाही. नवा व्रण येईलच, पण आपल्याला हवा तसा."

"त्याचं वय शून्यापासून?"

"शून्यापासून. त्याचा वाढदिवस आपण ठरवायचा."

मी फोटोंची रांग बघत होतो. जुन्या भेगेच्या कडा बोथट असतात, आत धूळ बसलेली असते. नव्या भेगेच्या कडा धारेच्या. माझ्या पाठीवरच्या कडा फोटोगणिक धारेच्या होत गेल्या होत्या. अशी भेग मी आयुष्यात पाहिलेली नाही. भेग वाढते, थांबते, बुजते. भेग मागे जात नाही.

"इंजेक्शनचं बघू पुढच्या वेळी," मी म्हटलं आणि शर्टाची बटणं लावली.

"पुढच्या वेळी म्हणजे लवकर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि मालिश बंद. मुलीला सांगा."

५

सांगितलं नाही. कुणाला सांगणार होतो?

एखादी भेग हलतेय का हे बघायचं असेल तर आम्ही तिच्यावर काचेची पातळ पट्टी आडवी बसवतो, दोन्ही टोकं पक्की करून. काच फुटली तर भेग जिवंत. मी दवाखान्यातली कागदी चिकटपट्टी घेतली, गादीवर आडवी मांडली आणि तिच्यावर पाठ टेकून ती व्रणावर आडवी बसवली. संध्याकाळी दोन आरशांमध्ये बघितलं. कागद बरोबर व्रणावर उभा फाटला होता. फाटल्या जागेतून दिसत होतं की व्रणाच्या दोन्ही बाजूंना बारीक लाल ठिपक्यांची रांग उठली आहे. टाक्यांच्या खुणा. त्या केव्हाच्या बुजल्या होत्या.

आता हात रोज यायचा, आणि रोज जरा जास्त वजनाचा. गादी आधी नुसती दबायची, आता तिच्या स्प्रिंगा वाजायच्या. आणि नळ गळण्याचा आवाज बदलला होता. थेंबांचं अंतर आधी कमीजास्त असायचं. हा आवाज एकसारखा होता. टिक-टिक, टिक-टिक. मी उठून नळ घट्ट केला, खाली बादली ठेवली. बादली कोरडी राहिली, आवाज तसाच. तो मला ओळखीचा होता. अपघातानंतर आमच्या गाडीचा वळायचा दिवा, इंडिकेटर, बराच वेळ तसाच वाजत राहिला होता. दुसरं काहीच वाजत नव्हतं.

एका दुपारी उठलो तर चादरीवर काचेचा एक दाणा होता. कामावरच्या काचपट्टीचा असेल, कपड्याला चिकटून आला असेल, मी स्वतःला म्हटलं. पण आमची काच फुटते ती लांब, सुरीसारखी. हा दाणा चौकोनी होता. गाडीच्या खिडकीची काच अशी फुटते.

मला भीती वाटायला हवी होती. वाटत होती, पण तिच्या खाली दुसरं काहीतरी होतं. व्रण मागे जातोय. व्रणाच्या मागे जखम आहे. जखमेच्या मागे अखंड कातडी आहे, आणि माझी कातडी अखंड होती त्या सकाळी गाडीत आम्ही तिघं होतो, पुढच्या सीटवरून ठकूची आई मागे वळून ठकूला म्हणत होती की खिडकी बंद कर, केस उडतायत. मधे फक्त ती जखम होती. तेवढी ओलांडायची.

मी पालथा पडायचो आणि वाट बघायचो.

६

ठकू न कळवता आली. सुट्टीला जोडून दोन दिवस मिळाले म्हणाली. आल्या आल्या खिडक्या उघडल्या, माझे चहाचे कप गोळा केले, आणि कपाटातली बरणी काढून माझ्यासमोर धरली.

"बाबा! बरणी तळाला गेलीय. म्हणजे बाई लावलीत! आणि मला पत्ता नाही?"

"आहे एक," मी म्हटलं.

"एक काय एक? कोण आहे, कशी आहे? लाजताय काय!"

"तू तुझं काम कर."

"दिसायला बरी आहे का तेवढं सांगा. उगाच कुणी माझी आई व्हायला निघायची आणि मला लग्नाच्या दिवशी कळायचं."

ती हसत होती. हसत हसत तिने बरणी वरच्या फळीवर ठेवायला हात उंचावला आणि तिची बाही घसरली. डाव्या हातावर, मनगटाच्या वरपासून कोपराच्या आतपर्यंत, एक रेघ होती.

"हे काय?"

"अरे हो, तुम्हाला विचारायचंच होतं. लहानपणी कुठे पडले होते का मी? मला तर काही आठवत नाही."

मी तिचा हात खिडकीशी नेला. रेघ पांढरी होती, सपाट, कडा बोथट. दहा-बारा वर्षांची वाटावी अशी. हा हात मी तिच्या जन्मापासून पाहत आलोय. अपघाताच्या दिवशी दवाखान्यात तिला दिव्याखाली आडवी करून नखशिखांत तपासली, तेव्हा मी शेजारच्या स्ट्रेचरवर होतो आणि तिच्याकडेच बघत होतो. तो हात स्वच्छ होता.

"कधीपासून आहे?"

"लक्षात येऊन महिना झाला असेल. खाजत नाही, दुखत नाही. फक्त... हसू नका हं. दुपारी जेवण झालं की ऑफिसात पेंग येते ना, तेव्हा तिथे कुणीतरी बोटं फिरवतंय असं वाटतं. हळूहळू. बरं वाटतं खरं तर. आई असं करायची ना, झोपवताना?"

मी स्वयंपाकघरात गेलो आणि पाणी प्यायच्या निमित्ताने नळ चालू ठेवून उभा राहिलो.

आई असं करायची. करायची, खरंच. पण ठकूची आई कशी होती ते मला माहीत होतं. तव्याचा चटका ठकूला बसू नये म्हणून तिने स्वतःचा तळहात मधे घातलेला मी पाहिलाय. त्या दिवशी गाडीतही ती पुढे बघत नव्हती, मागे ठकूकडे वळलेली होती. जे काही रोज दुपारी माझ्या गादीच्या कडेला येऊन बसत होतं, ते मला तिकडे, त्या सकाळकडे ओढत होतं. आणि आता ठकूलाही ओढायला लागलं होतं. त्या सकाळी ठकूला काही झालं नव्हतं. पुन्हा त्याच जागेवरून जायची वेळ आली तर तसंच होईल असं कुणी सांगितलं?

ती असती, तर तिने ठकूला हात लावला नसता.

मग मी इतके दिवस पाठ कुणाला दिली होती? डावा हात, एवढ्यावर मी ओळख पटवली होती. डावखुरी माणसं जगात काय थोडी आहेत?

७

व्रणाचं खालचं टोक तोवर उघडायला लागलं होतं. शर्टाला ओलसर डाग पडायचा. डॉक्टरबाईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, आता थांबण्यात अर्थ नाही, काढून टाकू. मी म्हटलं, उद्याच काढा. मला वाटत होतं की जे येतं ते त्या व्रणाला धरून येतं. व्रणच राहिला नाही, तर त्याला धरायला काही उरणार नाही, आणि ठकूची रेघ जशी आली तशी जाईल.

ओळंब्याला रजेचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे भेग बुजवायला निघालात! मालकांना तर तुम्हीच झाडता, की बाबांनो, भेग बुजवून ताण जात नाही, तो शेजारच्या भिंतीत जातो. आधी ताण कुठून येतो ते शोधा."

"मी भिंत नाही," मी म्हटलं.

"ते खरंच. भिंतीला निदान ऐकू येतं."

आम्ही दोघंही हसलो.

ठकू रजा वाढवून थांबली. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाक होतं, त्यावर ती पुस्तक घेऊन बसली. "घाबरू नका हं बाबा," म्हणाली. "मी आहे इथेच."

मला पालथं झोपवलं. चेहऱ्यासाठी टेबलाला एक गोल भोक होतं, कड मऊ गादीची. त्यातून फक्त फरशी दिसायची आणि फरशीवरचे पाय. पूर्ण भूल नव्हती, पाठीचा तेवढाच भाग बधिर केला होता. सुया टोचल्या, जळजळलं, मग पाठ दुसऱ्या कुणाची तरी झाली.

"दुखतंय?"

"नाही."

"मग गप्पा मारा," सिस्टर म्हणाल्या. "भेगावाल्यांना आज आमची करामत बघता येणार नाही, हेच वाईट."

उजवीकडे डॉक्टरबाईंच्या हिरव्या रबरी चपला होत्या. त्यांच्या समोर सिस्टरांच्या पांढऱ्या, एकीवर शाईचा डाग. डोक्याच्या बाजूला मदतनीस मुलीच्या, सारख्या इकडून तिकडे जाणाऱ्या. मी त्या बघत राहिलो. ओढल्याची, कापल्याची जाणीव होती, वेदना नव्हती. कापडाखाली माझाच श्वास मला ऐकू येत होता.

किती वेळाने कुणास ठाऊक, माझ्या लक्षात आलं की डाव्या बाजूला, सिस्टरांच्या चपलांच्या अलीकडे, आणखी दोन पाय आहेत.

ते अनवाणी होते. टेबलाला अगदी भिडून, बोटं आत वळवून. पलंगाशी रोज बसणारं कुणी आज जागा नाही म्हणून उभं राहावं तसे. टाचांपाशी काहीतरी बारीक चमकत होतं. मी त्यांच्याकडे खूप वेळ बघितलं. संसारभर ज्या बाईच्या पायांशेजारी माझे पाय होते, तिचे पाय मला ओळखता यायला हवे होते. मी अंगठा बघितला, नखं बघितली, घोटा बघितला. तिचे असतील. नसतील. मला सांगता येईना.

सिस्टरांचा पाय एक पाऊल अलीकडे सरकला आणि त्या पायांना न अडखळता तिथेच टेकला.

"निघाला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ट्रे."

स्टीलच्या भांड्यात काहीतरी ओलं पडल्याचा आवाज झाला. अनवाणी पाय क्षणभर तसेच राहिले. घरातलं काम संपलं की बाई जशी हात पुसत उगाच घडीभर उभी राहते, तसे. मग ते वळले. आता मला टाचा दिसत होत्या. त्या सावकाश माझ्या भोकाच्या चौकटीतून बाहेर गेल्या. दाराच्या दिशेने.

"सिस्टर, बाहेर माझी मुलगी आहे."

"आहे हो, बसलीय बिचारी. हलू नका."

"तिला आत बोलवा. आत्ता."

"उघड्या पाठीवर पाहुणे नकोत हो. झालंच."

"दार बघा. दारातून कुणी गेलं का?"

"दार बंद आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात चिडकेपणा नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "लांब श्वास घ्या. मी टाके घेतेय. तुम्ही हललात तर मला पुन्हा पहिल्यापासून शिवावं लागेल."

मी हललो नाही. मला हलता येत नव्हतं. पाठ उघडी होती आणि तिच्यातून दोरा जात होता, एकेक टाका, नागमोडी, अगदी नीट.

८

मला उठू देईनात. मी उठलो. सिस्टर मागून ओरडत आल्या.

ठकू बाकावर भिंतीला डोकं टेकून झोपली होती. पुस्तक खाली पडलं होतं. डावी बाही कोपराच्या वर कुणीतरी नीट घडी घालून दुमडली होती. ठकू कधीही बाही अशी दुमडत नाही, ती नुसती वर ढकलते.

हातावरची रेघ लाल होती. ताजी, ताठ, टम्म. दोन्ही बाजूंना ठिपक्यांची रांग उठली होती, न घातलेल्या टाक्यांची. आणि सगळ्या हातावर मलमाची ओली चमक होती.

"ठकू."

तिने डोळे उघडले आणि आळस दिला. "झालं? काय गाढ झोप लागली हो बाबा! तुम्ही का उठून आलात?" मग हाताकडे बघून, "अय्या, हे एवढं लाल कशाने झालं? त्या बाईंनी तर इतकं हळू लावलं मलम."

"कुठल्या बाई?"

"इथल्याच असतील. आतून आल्या, बसल्या शेजारी. डोळे उघडायचाही कंटाळा आला मला." तिने बाकावरची आपल्या डावीकडची रिकामी जागा दाखवली. तिथलं रेक्झिन दबलेलं होतं आणि आमच्या डोळ्यांदेखत सावकाश वर येत होतं.

सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. "इथे आमच्यातलं कुणी आलं नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळ्या आतच होतो."

मी त्या रिकाम्या जागेवर बसलो. पाठीची बधिरता उतरायला लागली होती, टाके ओढत होते. ठकूचा हात मी मांडीवर घेतला आणि त्या रेघेवर माझा तळहात दाबून धरला, पुरा, एकही फट न ठेवता. दुसऱ्या कुणाला बोट टेकवायला जागाच उरू नये असा.

"बाबा, काय करताय? सगळे बघतायत."

"बघू देत."

"दुखतंय मला. सोडा ना."

"थोडं राहू दे," मी म्हटलं, आणि जोर वाढवला.

ती काहीतरी बोलणार होती. पण तिची मान हळूच भिंतीला टेकली, पापण्या जड व्हायला लागल्या. आणि माझ्या तळहाताखाली, माझ्या आणि तिच्या कातडीच्या मधल्या नसलेल्या जागेत, काहीतरी फिरू लागलं. सावकाश, गोल. त्याला काही घाई नव्हती.